ॲप नंतर घ्या, आधी पलीकडे कोण बसणार ते ठरवा

पत्र (थोडक्यात): मी मराठवाड्यात गोदाकाठच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी आहे, सहायक पोलीस निरीक्षक. हद्द मोठी, गाडी एकच. मागच्या महिन्यात रात्री वाळूचोरीची खबर आली म्हणून बीटचे दोघे मोटारसायकलवर नदीकडे गेले. पात्रात वीसेक जणांनी घेरलं, दगडफेक केली, आमच्या हवालदारांचा हात मोडला. त्यांनी ठाण्याला फोन केला, तो लागेना. लागला तेव्हा आपण नेमके कुठे आहोत हे त्यांना सांगता येईना. मदत पोचायला पाऊण तास गेला. आता गावातला एक मुलगा, जो संभाजीनगरला इंजिनिअरिंग करतोय, तो म्हणतो की बटण दाबताच सगळ्या स्टाफला लोकेशन जाईल असं ॲप फुकटात करून देतो. मला ते याच आठवड्यात सुरू करायचंय, पण स्टाफ कुरकुर करतोय. एक जण तर हजेरीच्या वेळी सरळ म्हणाला, "साहेब, हे आमच्या जिवासाठी हाय का आमच्यावर नजर ठेवायला?" मी काय करावं?

उत्तर:

साहेब, आधी तुमच्या हवालदारांचा हात लवकर भरून येवो. माणूस जखमी झाला म्हणून नुसता पंचनामा करून न थांबता पुढच्या वेळेचा विचार करणारा अधिकारी ठाण्याला मिळाला, ही त्या स्टाफच्या नशिबाची गोष्ट आहे. म्हणून तुम्हाला गुळमुळीत उत्तर देत नाही. फोनचा उपयोग जरूर करा. पण त्या मुलाचं ॲप या आठवड्यात सुरू करू नका.

त्या रात्री काय काय बिघडलं ते तुमच्याच पत्रात आहे. वीस जणांसमोर दोघे गेले. ते अडचणीत आहेत हे ठाण्यात कोणाला कळलं नाही. फोन लागला नाही. जागा सांगता आली नाही. आणि मदतीला निघायला ठाण्यात गाडी एकच होती. यातल्या फक्त एका गोष्टीवर, जागा सांगण्यावर, ॲप उपाय देतं, आणि तेही रेंज असेल तर. बाकी चार गोष्टी तुम्हाला कागदावर आणि माणसांमध्ये सोडवाव्या लागतील. पहिली तर आजच सुटते: रात्री वाळूच्या खबरीवर दोघांना पाठवू नका. महसूल पथक, शेजारचं ठाणं, आरसीपी (दंगल नियंत्रण पथक), जे जमेल ते सोबत घ्या, आणि जमलं नाही तर पात्रात न उतरता लांबून गाड्यांचे नंबर टिपा. वाळू गेली तर गुन्हा नंतरही दाखल होतो.

मी नियंत्रण कक्षात बऱ्याच रात्रपाळ्या काढल्या आहेत, म्हणून पुढचं जरा सविस्तर सांगतो. तुमच्या ठाण्यात रात्री दीड वाजता कोण असतं? ठाणे अंमलदार, सोबत एखादा मदतनीस, कोठडीत आरोपी असेल तर गार्ड. ठाणे अंमलदारासमोर दारू पिऊन भांडलेले दोघे भाऊ उभे असतात, त्यांना मेडिकलला पाठवायचं असतं, सीसीटीएनएसची, म्हणजे पोलिसांच्या संगणक प्रणालीतली, नोंद अर्धवट असते आणि लँडलाइनवर कोणीतरी डीजे बंद करा म्हणून ओरडत असतं. अशा वेळी नदीत कोणीतरी बटण दाबलं. ते वाजणार कुठे? भिंतीपाशी चार्जिंगला लावलेल्या, सायलेंट केलेल्या मोबाइलवर. "सगळ्या स्टाफला लोकेशन जाईल" असं तो मुलगा म्हणतो, पण सगळ्यांना जाणारा निरोप बहुतेक वेळा कोणाचाच नसतो. झोपलेले झोपलेलेच राहतात, जागे असलेले समजतात की दुसरा निघाला असेल. म्हणून एकच फोन, एकच नंबर आणि त्या पाळीत एकच नावाने नेमलेला माणूस ठरवा. तो फोन टेबलावर, आवाज पूर्ण, आणि त्याची नेमणूक स्टेशन डायरीत.

त्याहून मोठी गोष्ट आहे गप्प राहण्याचा नियम. संकटात सापडलेल्या माणसाला बटण दाबता येईलच असं नाही. फोन हिसकावला जातो, पाण्यात पडतो, हात मोकळा नसतो. त्यामुळे मदत बटण दाबल्यावर निघण्यापेक्षा, ठरलेला निरोप आला नाही की निघाली पाहिजे. रवानगीच्या नोंदीत फक्त "बीट हद्दीत गस्तकामी रवाना" एवढं लिहू नका. कुठल्या गावाच्या शिवारात, कुठल्या वाटेने, किती वाजेपर्यंत, हे लिहा. दर अर्ध्या तासाला एक फोन किंवा वायरलेसवर एक शब्द. तो चुकला तर ठाण्यातून फोन. तोही लागला नाही तर कोणालाही न विचारता गाडी निघेल, आणि त्याच क्षणी जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवलं जाईल. हे "कोणालाही न विचारता" तुमच्या सहीच्या लेखी आदेशात हवं. नाहीतर ठाणे अंमलदार तुम्हाला उठवावं की नाही या विचारात वीस मिनिटं घालवेल.

रात्रगस्तीला अनेक ठिकाणी बँक, एटीएम, मंदिर अशा पॉइंटवर क्यूआर कोड स्कॅन करायची पद्धत आता रुळली आहे. तुमच्याकडे असेल तर तिचा उपयोग उलट बाजूने करा. आजवर ते स्कॅन म्हणजे गस्त झाली की नाही याचा पुरावा. त्याच स्कॅनच्या वेळा रात्रीच कोणी पाहत असेल, तर अडीचचा पॉइंट पावणेतीनपर्यंत आला नाही हे लगेच कळतं. त्या वेळी पहिला प्रश्न "का नाही केला?" नसावा, "बरे आहात ना?" हा असावा. नवीन ॲपची गरज नाही, फक्त पाहणारा माणूस हवा.

आणखी एक. गोदावरी बऱ्याच ठिकाणी जिल्ह्यांची हद्द आहे. बीडच्या काठावरून समोर पाहिलं की कुठे जालना, कुठे परभणी. तुमच्या माणसांपासून सगळ्यात जवळचं पोलीस वाहन कदाचित पलीकडच्या काठावर, दुसऱ्या एसपींच्या अखत्यारीत उभं असेल. समोरच्या ठाण्याच्या प्रभारींशी बसून बोला, दोघांचे रात्रीचे नंबर दोन्ही ठाण्यांच्या भिंतीवर लावा. एका चहात हे काम होतं.

आता फोनकडे येऊ. तुमच्या स्टाफच्या खिशात जे आहे तेच आधी नीट वापरा. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये २०१७ पासून पॅनिक बटणाची सोय असणं बंधनकारक आहे. नव्या अँड्रॉइडमध्ये पॉवरचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं की आपत्कालीन कॉल सुरू होतो, आणि ठरवून दिलेल्या नंबरांना लोकेशन जातं. साध्या कीपॅडच्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरायचं. ही सोय सुरू आहे का, हे मात्र प्रत्येकाचा फोन हातात घेऊनच पाहावं लागेल. पाहताना तीन गोष्टी तपासा, कारण गोची तिथेच होते.

एक म्हणजे ११२. हा कॉल तुमच्या ठाण्यात येत नाही. तो नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात जातो, तिथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात, आणि तिथून जवळच्या गाडीच्या एमडीटीवर, म्हणजे गाडीत बसवलेल्या स्क्रीनवर. सामान्य माणसासाठी ही व्यवस्था चांगली आहे. पण तुमच्या हद्दीत एकच गाडी असेल आणि तीच पात्रात अडकली असेल, तर मदतीचा कॉल फिरून त्याच गाडीत वाजेल. म्हणून ११२ सोबत ठाण्याचा तो नेमलेला फोन आणि समोरच्या काठाचा नंबर आपत्कालीन संपर्कात टाका. बहुतेकांनी तिथे बायकोचा नंबर टाकलेला असतो. तो राहू द्यायचा का, हे प्रत्येकाने आपलं ठरवावं. रात्री दोन वाजता घरी असा मेसेज गेला तर ती माउली एकटी काय करणार, एवढं मात्र त्यांना विचारा.

दुसरं, आवाज. अनेक फोनमध्ये हे बटण दाबलं की कॉल लागण्याआधी काही सेकंद मोठ्याने भोंगा वाजतो. चुकून दाबलं गेलं तर थांबवता यावं म्हणून ते ठेवलेलं आहे. पण उसाच्या फडात दबा धरून बसलेल्या माणसाच्या खिशात तो वाजला तर काय होईल? सेटिंगमध्ये हा आवाज बंद करता येतो. छाप्याला जाणाऱ्यांनी तो बंद करावा, स्क्रीनचा उजेड कमी करावा.

तिसरं, बॅटरी. आपल्या शिपायाचा फोन स्वतःच्या पैशाने घेतलेला असतो, स्वस्तातला, स्टोरेज भरलेलं. असे बरेच फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप्स गुपचूप बंद करतात. स्क्रीन लॉक झाली, फोन खिशात गेला, दहा-पंधरा मिनिटांनी लोकेशन पाठवणं थांबतं, आणि ठाण्यातल्या नकाशावर ठिपका मात्र जुन्याच जागी दिसत राहतो. पाहणाऱ्याला वाटतं माणूस तिथेच आहे, आणि तो असतो तीन किलोमीटर पुढे. यासाठी लोकेशन पाठवणाऱ्या ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये निर्बंध काढावे लागतात, ऑटोस्टार्ट चालू करावा लागतो, लोकेशनची परवानगी "नेहमी" अशी द्यावी लागते. शिवाय ठिपक्याखाली शेवटची वेळ किती मिनिटांपूर्वीची आहे, हे वाचायची सवय पाहणाऱ्याला लावा. ठिपका जुना झाला की तो गप्प राहिलेला माणूस समजायचा. एखादी पॉवर बँक ठाण्याच्या खर्चातून घ्या, तिचा उपयोग कुठल्याही ॲपपेक्षा जास्त होईल.

मी या सगळ्यावर एवढा वेळ घालवतोय, कारण ॲपच्या जाहिरातीत यातलं काहीच नसतं.

रेंजचं काय? नदीच्या दरडी उंच असल्या की पात्रात उतरल्यावर नेटवर्क जातं, हे तुम्ही पाहिलंच. लोक म्हणतात जीपीएस गेलं, पण तसं नाही. जीपीएस उपग्रहावरून मिळतं, ते नेटवर्क नसतानाही फोनला कळतं. अडतं ते पाठवायला. इंटरनेट नसताना साधा एसएमएस कधी कधी निघतो, म्हणून जे काही घ्याल त्यात एसएमएसची सोय असलीच पाहिजे. आणि त्यालाही पर्याय म्हणून पात्रातल्या जागांना नावं द्या. वाळूच्या गाड्या उतरतात त्या पांदी, डोह, मळईच्या जागा, देवळाचा घाट, पाणीपुरवठ्याची विहीर, या तुमच्या जुन्या बीट अंमलदारांना पाठ असतात. त्यांना घेऊन एक हाताने काढलेला नकाशा बनवा, प्रत्येक जागेला आकडा द्या, तो ठाण्यात आणि गाडीत लावा. वायरलेसवर "सात नंबर, मदत" एवढे तीन शब्द पोचले तरी जागा कळली.

वायरलेसचा सेट गस्तीवर जातोच असा नियम करा. मोबाइल आला म्हणून वॉकी-टॉकी कपाटात ठेवणारी ठाणी आहेत. तुळजापूरला नवरात्राच्या बंदोबस्ताला जे गेलेत त्यांना विचारा. लाखो माणसं एका ठिकाणी आली की मोबाइलचे टॉवर तुंबतात, व्हॉट्सॲपवर घड्याळाचं चिन्ह फिरत राहतं, आणि चालतो तो फक्त वायरलेस. परळीच्या महाशिवरात्रीलाही हेच.

आता त्या मुलाचं ॲप. मुलाच्या मनात काही वाईट नसेल, मला तसं वाटतही नाही. पण तुमच्या भागात वाळूवाल्यांची पोरं चौकात, टपरीवर बसून तहसीलदारांच्या आणि तुमच्या गाडीचं लोकेशन ग्रुपवर देतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. त्या पोरांना त्या कामाचे पैसे मिळतात. म्हणजे तुमची माणसं या घडीला कुठे आहेत, ही माहिती बाजारात विकली जाते. तीच माहिती, सगळ्या स्टाफची, चोवीस तासांची, तुम्ही अशा ॲपमध्ये भरणार ज्याचा सर्व्हर कुठे आहे ते माहीत नाही, पासवर्ड कोणाकडे आहे ते माहीत नाही, आणि उद्या तो मुलगा नोकरीला पुण्याला गेला तर ते कोण सांभाळणार तेही माहीत नाही. एका फुटलेल्या स्क्रीनशॉटने पुढचा दगड कुठे मारायचा ते ठरेल. व्हॉट्सॲप ग्रुपवर लाइव्ह लोकेशन टाकण्यालाही माझा याच कारणाने विरोध आहे. टाकायचंच तर गस्तीच्या माणसाने फक्त ठाण्याच्या नेमलेल्या फोनला, थेट, पाळीपुरतं पाठवावं. आठ तासांचा पर्याय त्यात आहेच.

शिवाय ते ॲप स्टाफला मिळणार कसं? व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल, उघडून. लग्नपत्रिकेच्या आणि आरटीओ चलानच्या नावाने आलेल्या एपीके उघडू नका, खाती रिकामी होतात, असं आपणच शाळा-कॉलेजात जाऊन सांगतो. मग आपल्याच शिपायांना तीच सवय लावायची का?

तुम्हाला खरंच वेगळं ॲप हवं असेल तर रस्ता एसपी ऑफिसमधून जातो. सायबर पोलीस ठाण्याचं मत घ्या, सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या संस्थेकडून सुरक्षा तपासणी झाल्याशिवाय सरकारी कामाला ॲप वापरायचं नाही, यावर ठाम राहा. वेळ लागेल. लागू द्या, दरम्यान वरचं सगळं करता येतं. त्या मुलाला नाराज करून परत पाठवू नका. त्याला तुमच्या हद्दीचा रेंजचा नकाशा बनवायला सांगा. जिओ, एअरटेल, बीएसएनएल अशी सिमं घेऊन, दिवसा, बीट अंमलदारासोबत फिरायचं आणि कुठे कोणाची काडी येते ते टिपायचं. कुठल्या वाटेवर कोणत्या कंपनीचं सिम असलेला माणूस न्यावा हे त्यातून कळेल, आणि तो नकाशा बाहेर फुटला तरी कोणाचा जीव धोक्यात येणार नाही.

हजेरीला तुम्हाला जो प्रश्न विचारला गेला, तो विचारणाऱ्याला कृपा करून शिस्तीचा मुद्दा बनवू नका. तो प्रश्न योग्य होता. ज्या दिवशी स्टाफला वाटेल की हे नजर ठेवायला आहे, त्या दिवसापासून फोन मित्राच्या गाडीवर गस्त घालेल आणि माणूस दुसरीकडे असेल, आणि खरंच काही झालं तर तुम्ही फोनच्या मागे धावाल. म्हणून लेखी द्या: लोकेशन फक्त ड्युटीच्या वेळेत, ड्युटी संपली की बंद, पाहणार फक्त नेमलेला माणूस, ठरावीक दिवसांनी नोंदी पुसल्या जाणार, आणि कोण चहाला किती वेळ थांबला याची चौकशी या नोंदीवरून होणार नाही. हा आदेश हजेरीत वाचून दाखवा. आणि पहिल्यांदा तुमचं स्वतःचं लोकेशन सुरू करा.

महिला अंमलदारांशी वेगळं बोला, शक्य तर एखाद्या महिला अधिकाऱ्यामार्फत. बंदोबस्त रात्री अकराला सुटतो आणि पुढचे पंचवीस किलोमीटर स्कूटीवर एकटीने जायचं असतं. ड्युटी संपली म्हणून लोकेशन बंद करायचा नियम इथे त्यांच्याच इच्छेने सैल करावा लागेल: घरी पोचल्याचा मेसेज येईपर्यंत ठाण्यातलं कोणीतरी जागं राहील. बंदोबस्ताच्या नकाशावर पॉइंटसोबत स्वच्छतागृह कुठे आहे याची खूण असेल, तर त्यांना दिवसभर पाणी न पिता उभं राहावं लागणार नाही. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशात पाणी न पिणं ही जिवावरची गोष्ट आहे.

एक ॲप मात्र आजच सगळ्यांच्या फोनमध्ये टाका: दामिनी. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं आहे, आपल्या जागेभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरमध्ये वीज पडतेय का ते दाखवतं. मराठवाड्यात मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात वीज किती माणसं नेते ते वेगळं सांगायला नको, आणि यात्रेच्या माळावर, नाक्यावर बॅरिकेडला टेकून उभा असलेला पोलीस शेतकऱ्याइतकाच उघड्यावर असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत बसायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. झाडाखाली तर नाहीच.

तुमचे हवालदार परत कामावर आले की त्यांना पहिले काही आठवडे रात्री नदीकडे पाठवू नका, त्यांनी स्वतः मागितलं तरी. हात भरतो, पण झोप उडालेली असते, आणि ते हे तुमच्याजवळ बोलणार नाहीत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर विनामूल्य आहे, मराठीत बोलता येतं. तो नुसता फलकावर लावू नका. त्यांच्या घरी जाल तेव्हा सहज सांगा.

हे सगळं ठरलं की एक चाचणी घ्या. रात्री दीड-दोनच्या सुमारास, ठाणे अंमलदाराला आधी न सांगता, स्वतः दोन माणसं घेऊन सुरक्षित जागी पात्रात उतरा आणि बटण दाबा. समोरच्या काठाच्या प्रभारींना आणि नियंत्रण कक्षाला मात्र आधी कल्पना द्या, आणि चाचणीच्या फोनवरून ११२ ला जाणारा कॉल त्या वेळेपुरता बंद ठेवा, म्हणजे खऱ्या तक्रारदाराची गाडी अडणार नाही. बटण दाबल्यापासून ठाण्यातला फोन उचलला जाईपर्यंत किती मिनिटं गेली आणि गाडी निघेपर्यंत किती, हे दोन्ही आकडे लिहून घ्या. पहिला आकडा मोठा आला तर एसपी साहेबांकडे ॲपसाठी पैसे मागू नका. रात्रीच्या पाळीला ठाणे अंमलदाराच्या जोडीला एक जादा माणूस मागा. दुसरा मोठा आला तर दुसरी गाडी मागा. दोन्ही मागण्यांना ते आकडे जोडा, म्हणजे प्रस्ताव फाइलमध्ये पडून राहणार नाही.